पाटावरची मशीनं

उचगावातलं आमचं घर तीन खोल्यांचं, आणि त्यातली सगळ्यात चांगली खोली आमच्या वाट्याला कधी आली नाही. रस्त्याकडची, दोन खिडक्यांची, चकचकीत फरशीची ती खोली कॉम्प्युटरची होती. घरातला एकुलता एक धड पंखा तिथं, पडदे तिथं, नवी ट्यूबलाइट तिथं. आई, अण्णा आणि मी मागच्या दोन खोल्यांत. उन्हाळ्यात आई चुलीपुढं भाकरी थापताना घामानं निथळायची आणि भिंतीपलीकडं मशीनं वारा खात बसलेली असायची. "त्यास्नी उकाडा सोसत न्हाय," अण्णा सांगायचे. "आन् मला सोसतोय व्हय?" आई भाकरी उलटता उलटता विचारायची. मग अण्णा कांदा-लसूण चटणीत तेल ओतून घ्यायचे आणि जेवायला लागायचे.

अण्णा म्हणजे माझे वडील. घरात अण्णा आणि बाहेर सर. पुण्यातल्या कुठल्याशा ऑफिसनं नवी मशीनं घेतल्यावर जुनी काढून टाकली, ती यांनी टेम्पोत भरून आणली, दारावर पाटी लावली आणि गावातल्या पोरांना कॉम्प्युटर शिकवायला सुरुवात केली. म्हणजे बघा, आमच्या घरात आली तेव्हाच ती मशीनं टाकून दिलेली होती. पण गावात दुसरं होतं काय? काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं, खालच्या पेटीतून घरघर. पहिली बॅच सकाळी डेअरीला दूध घालून यायची, शेवटची एमआयडीसीतली पाळी सुटली की. मी भिंतीला पाठ लावून अभ्यास करायचे, तेव्हा पलीकडून कळा दाबल्याचा आवाज यायचा, पत्र्यावर ज्वारी सांडावी तसा. मधूनच अण्णांचा चढा आवाज, "अरे हुकूम नीट लिव की! मशीन तुझा नोकर हाय, मेव्हणा न्हवं, अर्धं बोलल्यावर समजून घ्यायला." सगळी बॅच हसायची. आईसुद्धा पदराआड हसायची, पण अण्णांना दिसणार नाही अशा बेतानं.

तोवर गावात सर म्हणजे शाळेतले. या नव्या सरांना हळूहळू सगळेच सर म्हणायला लागले. दुकानदार म्हणायचा, न्हावी म्हणायचा, बसचा कंडक्टर म्हणायचा. अण्णा रस्त्यानं चालले की समोरून येणारा सायकलवरून उतरायचा. माझ्या वडिलांना आयुष्यात बाकी काही फार मिळालं नाही. शेतीचा तुकडा भावांनी घेतला, नोकरी त्यांनीच सोडली. हा एक शब्द तेवढा त्यांनी स्वतःच्या हातानं कमावला होता.

मग हायवेला नवा वर्ग निघाला. रंगीत पडदे, गार हवा आणि हातात धरायचा माऊस. अण्णांनी नाक मुरडलं. "माऊस म्हंजे पोरांना आळशी करायचा धंदा. नुसती टिचकी मारून काय कळतंय?" पोरांना टिचकीच मारायची होती. एकेक बॅच आटत गेली. मशीनंही थकली होती. एक बंद पडलं की त्याचा भाग काढून दुसऱ्याला लावायचा, ते बंद पडलं की तिसऱ्याला. असं करत करत शेवटी पाच चालू उरली आणि बाकीच्यांचा ढीग भिंतीकडेला जुन्या चादरीखाली गेला. अण्णा तरीही रोज सकाळी आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालायचे, पाची मशीनं सुरू करायचे आणि खुर्चीत बसायचे. कोणी यायचं नाही. मी कॉलेजातून आल्यावर भडंगाची वाटी घेऊन मधल्या दारात बसायचे आणि त्यांच्याकडं बघायचे. आयुष्यात पुढं मी पुष्कळ कष्टाची कामं केली, पण इस्त्रीचा शर्ट घालून दिवसभर वाट बघत बसलेल्या माणसाकडं बघण्याइतकं दमवणारं काम दुसरं केलं नाही.

आई हुपरीची, चांदीच्या कामात वाढलेली. तिच्या माहेरी घरोघरी पैंजण घडायचे आणि बायका-पोरी घुंगरं जोडायला बसायच्या. लग्नाआधी आई झाळकाम करायची, म्हणजे फुंकणीनं ज्योत वळवून बारीक सांधे जोडायचे. ते करून तिच्या बोटांवर पांढरट डाग पडले होते. चांदीच्या घरातल्या माणसाला काही टाकवत नाही. तिथं केरसुद्धा टाकत नाहीत, साठवतात, कारण केरात चांदीचा कीस असतो. आईची ती खोड उचगावात येऊनही गेली नव्हती. आमच्या घरी केर काढला की ती सुपलीत तो निरखून बघायची, जणू त्यातून काही निघणार आहे. अण्णा हसायचे. "मातीच हाय ती." "असू दे की, बघितलं तर काय बिघडतंय?"

अशा बाईच्या घरात चादरीखालचा तो ढीग किती दिवस टिकणार? एका दुपारी तिनं एक मेलेलं मशीन अंगणात ओढून आणलं आणि मला पेचकस धरायला बसवलं. आतून जे निघालं ते बघून तिनं तोंडात बोट घातलं. हिरव्या पाट्या, त्यांच्यावर नक्षी काढावी तशा बारीक रेषा, सोनेरी दात, तांब्याच्या गुंडाळ्या आणि आरशासारखी चकती. "एवढं नाजूक काम करून लोकांनी डब्यात झाकून ठेवलंय व्हय गं?" ती म्हणाली. पाट्यांवर धुळीचा थर होता. आईनं चांदी धुतात तसं रिठ्याचं पाणी केलं, सगळ्यात मोठी पाटी घमेल्यात बुडवली आणि जुन्या दात घासायच्या ब्रशनं खसाखसा घासायला लागली. तेवढ्यात अण्णा बाहेर आले.

माझ्या वडिलांना मी रागावलेलं बघितलं होतं, पण त्या दिवशीचा चेहरा रागाचा नव्हता. ओल्या हातानं आलेल्या पोराला त्यांनी वर्गाबाहेर काढलेलं होतं, आणि इथं मदरबोर्ड घमेल्यात बुडवलेला. "पाणी?" ते म्हणाले. "सुमन, मदरबोर्ड हाय तो. भांडं न्हवं."

"भांड्यापरास घाण हाय. आन् बंद पडल्यालं हाय न्हवं? मग त्याला पाणी लागलं काय आन् त्याल लागलं काय."

अण्णा म्हणाले, "मेलेल्याचं काय करायचं ते कर. चालू हायत त्यांच्या वाटेला जायचं न्हाय. सांगून ठेवतो."

तिथून आईच्या हाताला काम लागलं. हिरव्या पाटीच्या पट्ट्या कापायच्या, कडा घासायच्या, कोपऱ्यांना झाळून चौकोनी पेला करायचा, तो पेन ठेवायला. चार फ्लॉपी जोडून तसाच दुसरा. आरशासारख्या चकतीला सेलचे काटे बसवून टेबलावरचं घड्याळ. कीबोर्डच्या कळा उपटून पट्टीवर ओळीनं चिकटवल्या की ज्याची त्याची नावाची पाटी. चकतीच्या पेटीतलं लोहचुंबक एवढं जबर असायचं की ते बुडाला बसवलेल्या वाटीत टाचण्या आपोआप उभ्या राहायच्या. शेजारच्या बायका नुसत्या ते बघायला यायच्या. कापताना हिरवी धूळ उडायची. आई नाकाला पदर बांधायची, तरी रात्री खोकायची. घरात आमटीच्या वासात जळक्या कथलाचा वास मिसळून गेला. आईनं स्क्रू, स्प्रिंगा, तारांचे तुकडे, सगळं वेगवेगळ्या डब्यांत भरलं आणि डबे फडताळात डाळीच्या डब्यांशेजारी लावले. एकदा माझ्या ताटातल्या पोह्यांत स्क्रू निघाला.

आता याला लोकांनी छान इंग्रजी नाव दिलंय. आईचं बघून मीही पुढं हेच काम करत राहिले, त्यामुळं प्रदर्शनं भरतात तिथं मला भाषणाला बोलावतात, पर्यावरणावर बोला म्हणतात. मी बोलते. खरं सांगायचं तर मला आता कंटाळा आलाय. मान धरते, बारीक काम दिसत नाही, आणि हल्लीची मशीनं उघडली तर आत सगळं डिंकानं चिकटवलेलं, बघण्यासारखं काही नाही. आमच्या अंगणात पर्यावरण हा शब्द कोणी उच्चारला नव्हता. एका बाईला हातानं काहीतरी करायचं होतं आणि एका माणसाला काही मोडायचं नव्हतं, एवढंच होतं.

हुपरीच्या मामानं त्या वस्तू कुठंतरी नेऊन दाखवल्या, आणि भाद्रपदात कोल्हापुरातल्या एका कॉलेजचे हेडक्लार्क आमच्या दारात आले. त्यांच्याकडं कॉम्प्युटरची नवी खोली व्हायची होती, दसरा झाला की लगेच उद्घाटन. पाहुण्यांना द्यायला पेनाचा पेला आणि घड्याळ जोडून केलेली वस्तू हवी होती. अण्णांनी त्यांना बसायला खुर्ची दिली. ते मात्र अण्णांशी न बोलता सरळ आईकडं वळले. "काम तुमचं हाय म्हणं. तुम्हीच सांगा, जमंल काय?" आईला अख्ख्या आयुष्यात असं कुणी विचारलेलं नव्हतं. तिच्या वतीनं आधी भाऊ बोलायचा, मग नवरा. "जमंल की," ती एका दमात म्हणाली. "वेळेत देतो. शब्द हाय माझा." आमच्याकडं बायकाही देतो, करतो असंच म्हणतात.

मेलेल्या मशीनांचा ढीग घटस्थापनेपर्यंत संपला. चादरीखाली नुसत्या पत्र्याच्या पेट्या राहिल्या आणि पाहुण्यांच्या वस्तू अर्ध्यावर. आता पाट्या आणि चकत्या कुठून आणायच्या हे न बोलताच सगळ्यांना ठाऊक होतं. अण्णांना पाच मशीनं मोडायची नव्हती, कारण ती मोडली की वर्ग संपला, आणि वर्ग संपला की ते सर उरणार नव्हते. आईला ती हवी होती, कारण पहिल्यांदाच तिनं स्वतःच्या नावावर शब्द दिला होता. मी मधल्या दारात. कोणाची बाजू घ्यावी हे मला कळत नव्हतं आणि दोघांचाही राग येत होता.

"मला इचारून शब्द दिलास?" अण्णा एकदा जेवताना म्हणाले.

"तुमी मशीनं आणली तवा मला इचारलंतं?"

"पोरं येतील. दसऱ्यानंतर बॅच सुरू करायचा इचार हाय."

आईनं त्यांच्या ताटात भात वाढला आणि उठून भांडी आवरायला लागली. ते मला भांडणापेक्षा वाईट वाटलं. नंतर तीन-चार दिवस दोघंही माझ्यामार्फत बोलत होते. वैशे, त्यांना सांग पाणी आलंय. वैशे, तिला विचार चहा हाय काय. एकाच खोलीत बसून.

खंडेनवमीला हत्यारं पुजतात. आईच्या माहेरी याचं फार कडक होतं. नवमीला पाटावर मांडलेलं हत्यार दसऱ्याला सोनं वाटून होईपर्यंत उचलायचं नाही, कितीही काम खोळंबलं तरी. आईनं मागच्या खोलीत देवापुढं पाट मांडला, त्यावर फुंकणी, चिमटे, पकड, पेचकस ठेवले. घटावर कडाकण्या, म्हणजे गोड कडक पुऱ्या, टांगल्या होत्या, वाऱ्यानं त्या एकमेकींवर आपटून बारीक वाजत होत्या. शेजारून मटणाचा वास येत होता. आई हत्यारांना कुंकू लावून उठली आणि अण्णा मधल्या दारात येऊन म्हणाले, "ताट घेऊन हिकडं बी ये."

आम्ही गेलो. वर्गात पाची मशीनांखाली एकेक पाट होता. घरात एवढे पाट नव्हते, शेजाऱ्यांकडून मागून आणले असणार. मशीनं ओल्या नव्हे, कोरड्या फडक्यानं पुसलेली, प्रत्येकाला झेंडूचा हार. अण्णा बाजूला हात जोडून उभे. कुंकू लागलं की ती हत्यारं झाली. मग दसरा होईपर्यंत त्यांना पेचकस लावायचा नाही, आणि नंतरही पूजलेलं हत्यार मोडायला आईचा हात उठणार नाही, म्हणजे वस्तू व्हायच्या नाहीत. अण्णांनी भांडणं सोडून दिलं होतं आणि आईच्याच माहेरचा नियम तिच्यापुढं मांडून ठेवला होता.

आई ताट घेऊन उभी राहिली, मग पुढं झाली आणि पहिल्या मशीनला हळद-कुंकू लावलं, दुसऱ्याला लावलं, पाचींना लावलं. काचेवर नाही, वर पत्र्यावर, डाग पडणार नाही असं.

"आई, अगं मग शब्दाचं काय?" मी मागच्या खोलीत आल्यावर कुजबुजले.

"गप बस. त्यांनी हत्यार म्हणून मांडलंय. मांडलेल्याला कुंकू लावायचं न्हाय म्हणायला मी कोण?"

मी तेव्हा तिला मोठ्या मनाची समजले. पुष्कळ वर्षांनी, अण्णा गेल्यानंतर, मी तिला त्या दिवसाबद्दल विचारलं. ती शेंगा फोडत होती. "मन-बिन काय न्हाय," ती म्हणाली. "लई दमलोतो गं. भांडायला सुदिक अंगात जोर न्हवता." आज या वयात मला ते मोठेपणापेक्षा जास्त समजतं.

दसऱ्याच्या दिवशी वर्गाची पोरं सरांना सोनं द्यायला यायची. चांगल्या दिवसांत आपट्याच्या पानांचा ढीग टेबलावरून खाली पडायचा आणि आई पोरांना कडाकण्या वाटून थकायची. त्या दसऱ्याला अण्णा दुपारपासूनच नवा शर्ट घालून वर्गात बसले. रस्ता शहराकडं जाणाऱ्यांनी भरला होता, सगळी नटून दसरा चौकाकडं निघालेली. शेजारपाजारचे मागच्या दारानं येऊन सोनं देऊन गेले. पुढच्या दारानं कुणी आलं नाही. ऊन कलताना एक जुना विद्यार्थी मोटारसायकलवरून गेला, मागं बायको बसलेली. "सर, सोनं घ्या! मागनं येतो!" गाडी न थांबवताच ओरडला. अण्णा हसत अर्धे उठले. गाडी वळणापलीकडं गेली तरी ते तसेच अर्धे उठलेले होते. मग बसले. मला रडू आलं आणि ते दिसू नये म्हणून मी पाणी प्यायला गेले.

आई मागच्या खोलीतून सगळं बघत होती. दिवेलागण झाली तशी ती उठली. तोंड धुतलं, केस सारखे केले, ठेवणीतलं लुगडं नेसली. ताम्हनातली आपट्याची पानं मुठीत घेतली. मधल्या दारानं न जाता ती मागच्या दारानं अंगणात गेली आणि घराला वळसा घालून पुढच्या दारात आली. दारात वहाणा काढल्या. वर्गात येणारी पोरं तशीच काढायची. आणि आत येऊन अण्णांपुढं उभी राहून म्हणाली,

"सर, सोनं घ्या."

तिनं त्यांना कधी सर म्हटलं नव्हतं. तिचे ते कायम अहो. अण्णांनी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग पुन्हा तिच्याकडं. चेष्टा आहे का हे ते शोधत असावेत. ती चेष्टा नव्हती. त्यांनी पानं घेतली, उठले आणि पहिल्या मशीनपुढची खुर्ची मागं ओढली. "बस."

इतक्या वर्षांत आई त्या खुर्च्या रोज पुसत आली होती, बसली कधी नव्हती. कडेवर टेकली. अण्णांनी बटण दाबलं. घरघर सुरू झाली, हिरवी अक्षरं आली. "नाव लिही तुझं." नावाच्या पाट्या करून करून आईला अक्षरं ओळखीची झाली होती. एका बोटानं तिनं एकेक कळ शोधून दाबली आणि पडद्यावर तिचं नाव उभं राहिलं. "बरोबर हाय काय?" तिनं विचारलं.

"बरोबर हाय," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज वर्गातला होता.

मग ते बाकीच्या चारी मशीनांकडं गेले, सगळी सुरू केली आणि एकेक करून बंद करायला लागले. त्या जुन्या मशीनांना बंद करायची एक रीत होती. आतली सुई चकतीवर तशीच राहिली तर ओरखडा पडतो, म्हणून आधी हुकूम देऊन ती बाजूला ठेवायची, मग पडदा, मग बटण. अण्णा प्रत्येक मशीनला तो हुकूम देत होते, वाट बघत होते, मग पुढच्याकडं जात होते. मला राहवलं नाही. "अण्णा, आता हे सगळं कशाला?"

"वर्ग सुटला की मशीन नीट बंद करायचं असतंय," ते म्हणाले.

शेवटचं आईपुढचं राहिलं. अण्णांनी तिला अक्षरं सांगितली, तिनं दाबली. आत बारीक टक् झालं. पडदा काळा झाला. आतल्या पंख्याची घरघर थोडा वेळ राहिली, मग तीही थांबली. आई तशीच बसून होती, बोटं कळांवर. "राहू द्या," ती हळूच म्हणाली. "कॉलेजला निरोप धाडतो, जमत न्हाय म्हणून."

अण्णांनी मशीनवरचा हार काढून ठेवला, पेटी फिरवून तिची पाठ आईकडं केली आणि मला म्हणाले, "वैशे, पेचकस आण."

"उद्या करू की अहो," आई म्हणाली. "सणाचा दिवस हाय."

"सोनं वाटून झालंय," अण्णा म्हणाले. "आत्ताच घे. उद्या माझ्यानं हुणार न्हाय."